ऑनलाइन गाडी घेताना फिशिंग आणि फसवणूक कशी टाळायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराखालोखाल मोठी खरेदी म्हणजे गाडी. ती घेताना माणूस आनंदात असतो आणि घाईतही असतो, आणि फसवणाऱ्याचे पोट नेमके या दोन गोष्टींवर चालते. गेली काही वर्षे ओळखीपाळखीचे लोक गाडी घेण्याआधी मला जाहिरात पाठवतात आणि विचारतात, "जरा बघ ना, खरी वाटते का?" त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह एकत्र लिहून काढले.

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फसवणाऱ्याला तुम्हाला तीन ठिकाणांपासून लांब ठेवायचे असते: गाडी, गाडीचा खरा मालक आणि बँकेचे किंवा विक्रीच्या संकेतस्थळाचे खरे पान. या तिन्हींपर्यंत तुम्ही स्वतःच्या वाटेने पोहोचलात की त्याला करण्यासारखे फार काही उरत नाही.

फिशिंग म्हणजे नेमके काय? गाडीच्या खरेदीत ते कुठून शिरते?

माशासाठी गळ टाकतात तसा माहितीसाठी टाकलेला गळ. १९९० च्या दशकाच्या मध्यात हा शब्द रूढ झाला. तेव्हा अमेरिकेत एओएल या इंटरनेट सेवेच्या ग्राहकांना कंपनीचा माणूस असल्याचे भासवून संदेश जात आणि पासवर्ड काढून घेतले जात. पद्धत आजही तीच आहे, वेष तेवढा बदलला.

गाडीच्या व्यवहारात हा गळ तीन वेळा पडतो. पहिल्यांदा जाहिरात पाहताना: "जास्त फोटो इथे आहेत" म्हणून लिंक येते आणि ती लॉगिन मागणारे नकली पान उघडते. दुसऱ्यांदा पैसे देताना: बिल, पावती किंवा "सुरक्षित पेमेंट"चे पान. तिसऱ्यांदा सगळे ठरल्यावर, म्हणजे वाहतूक कंपनी, विमा, कर्जमंजुरी किंवा कागदपत्रांच्या नावाने. तिसरा गळ जास्त लागतो, कारण तोवर मनात गाडी आपली झालेली असते.

जाहिरात पाहूनच खोटी आहे हे ओळखता येते का?

बऱ्याचदा येते, नेहमी नाही. फार कमी किंमत ही खूण सगळ्यांना माहीत आहे. फसवणाऱ्यांनाही ती माहीत आहे, म्हणून हल्ली किंमत बाजारभावापेक्षा जेमतेम कमी ठेवतात, संशय न येता हात पुढे होईल इतकी. त्यामुळे मी किंमत नंतर बघतो, आधी फोटो बघतो.

फोटो नीट मोठे करून पाहा. स्टिअरिंग तुमच्या देशात असते त्याच बाजूला आहे का? नंबर प्लेट प्रत्येक फोटोत झाकलेली आहे का? एका फोटोत पावसाळी हिरवळ आणि दुसऱ्यात बर्फ आहे का? बंपरवरचा ओरखडा एका फोटोत आहे आणि दुसऱ्यात नाही, असे तर नाही ना? मग फोटो गूगलच्या किंवा टिनआयच्या चित्रशोधात टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या किमतीला, वर्षभरापूर्वीच्या जाहिरातीत सापडला तर विषय संपला. काही जण फोटो आरशासारखा उलटा करून टाकतात म्हणजे शोधात सापडू नये. तशी शंका आली तर तुम्हीही उलटा करून शोधा.

आणि मजकूर वाचा. खऱ्या मालकाच्या जाहिरातीत गाडीचा एखादा बारीक दोष हमखास लिहिलेला असतो, मागच्या दाराची काच हळू उतरते वगैरे. खोट्या जाहिरातीतली गाडी निर्दोष असते. तिथे मालकाचीच कहाणी लांबलचक असते: परदेशी बदली झाली, नवरा वारला, सैन्यात आहे, घटस्फोट होतोय. कहाणी खरीही असू शकते. पण सगळी कहाणी "म्हणून गाडी तुम्हाला दाखवता येणार नाही" इथे येऊन थांबत असेल, तर पुढे जाऊ नका.

विक्रेता म्हणतो, गाडी घरपोच पाठवतो, पाच दिवस चालवून बघा, नाही आवडली तर परत करा. घ्यावी का?

नाही. हा सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा बनाव आहे. यात पैसे आधी "वाहतूक कंपनी"कडे किंवा "विक्री-संरक्षण विभागा"कडे जमा करायचे असतात. त्या कंपनीचे संकेतस्थळ असते, माल कुठे पोहोचला ते दाखवणारा क्रमांक असतो, त्या क्रमांकावर गाडी रोज थोडी पुढे सरकतानाही दिसते. ते पान विक्रेत्यानेच बनवलेले असते. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांच्या खरेदी-संरक्षण योजना असतात हे खरे, पण त्या व्यवहार त्यांच्याच संकेतस्थळावर पूर्ण झाला तरच लागू होतात. संदेशात चिकटवलेले बोधचिन्ह म्हणजे संरक्षण समजू नका. आणि ते पैसे गिफ्ट कार्डचे आकडे कळवून भरायला सांगितले तर बोलणे तिथेच थांबवा. गाडीची किंमत गिफ्ट कार्डात घेणारा प्रामाणिक विक्रेता जगात कुठेही नसतो.

मी स्वतः जाऊन गाडी पाहिली, चालवून पाहिली. आता तरी निर्धास्त?

इथे मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण हे आमच्याच घरात घडले.

माझ्या मामाने एक जुनी गाडी पसंत केली. जाहिरात टाकणारा फोनवर गोड बोलत होता. म्हणाला, "मी बाहेरगावी आहे, गाडी माझ्या चुलतभावाकडे उभी आहे. जाऊन बघा, चालवा. फक्त एक करा, पैशांचं त्याच्याशी बोलू नका, आमचं व्यवहारावरून जरा वाजलंय." गाडी दुसऱ्या कुणाला देऊ नये म्हणून त्याने थोडा विसार मागून घेतला आणि मामाने तो पाठवला.

मामा गेला. गाडी खरी होती, तिच्याजवळ उभा असलेला माणूसही भला होता. दोघांनी बॉनेट उघडले, चक्कर मारली, तासभर गप्पा झाल्या. त्यात किमतीचा शब्द कुणीच काढला नाही. मग मामाने मला फोन केला, "बाकीचे पैसे पाठवू ना रे?" मी म्हटले, "मामा, समोरच्या माणसाला एवढंच विचार, या गाडीचे तुम्हाला किती मिळणार आहेत?" पलीकडे थोडा वेळ कुणीच बोलेना. मग त्या गृहस्थाचा आवाज आला. त्याने सांगितलेला आकडा मामाच्या आकड्यापेक्षा बराच मोठा होता.

तो माणूस चुलतभाऊ वगैरे नव्हता, गाडीचा खरा मालक होता. त्याने जाहिरात टाकली होती. भामट्याने ती उचलून, किंमत कमी करून, स्वतःच्या नावाने पुन्हा टाकली होती आणि मालकाला सांगितले होते, "माझा मेहुणा गाडी बघायला येईल. मी त्याचं देणं लागतो, ते फेडायला ही गाडी त्याला देतोय, तेव्हा त्याच्यासमोर किमतीचं काढू नका. पैसे मी तुमच्या खात्यावर टाकतो." दोन प्रामाणिक माणसे एकाच गाडीपाशी उभी होती आणि दोघेही तिसऱ्याच्या सांगण्यावरून गप्प होते. विसार गेला तो गेला. बाकीचे पैसे त्या एका प्रश्नामुळे वाचले.

म्हणून गाडी पाहणे पुरेसे नाही. नोंदणीच्या मूळ कागदावर ज्याचे नाव आहे त्याच्याशी समोरासमोर भाव बोला. त्याचे ओळखपत्र हातात घेऊन पाहा, आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात जाताहेत याची खात्री करा. "खाते भावाचे आहे", "मॅनेजरचे आहे", "माझे खाते सध्या बंद आहे" ही तिन्ही वाक्ये ऐकली की हात आखडता घ्या. किमतीविषयी बोलू नका असे कुणी सांगितले तर सगळ्यात आधी किमतीविषयीच बोला.

चेसिस नंबर तपासायचा म्हणजे काय करायचे?

चेसिस नंबर म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळखक्रमांक. १९८१ पासून अमेरिकेत हा क्रमांक १७ अक्षरी (आकडे धरून) झाला आणि आयएसओ ३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकामुळे आता जगातल्या बहुतेक गाड्यांवर तो तसाच असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. म्हणजे कुणी पाठवलेल्या क्रमांकात ओ दिसला, किंवा अक्षरे सोळाच भरली, तर एकतर लिहिण्यात चूक आहे किंवा क्रमांक मनाने बनवलेला आहे. पहिली तीन अक्षरे निर्माता सांगतात. दहावे अक्षर अनेक कंपन्या मॉडेलवर्षासाठी वापरतात: ए म्हणजे २०१०, एल म्हणजे २०२०. उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांत नववी जागा पडताळणीची असते. बाकीच्या अक्षरांचे ठरलेले आकडे करून, त्यांना जागेप्रमाणे ठरलेल्या भारांनी गुणून बेरीज करतात, ११ ने भागतात आणि उरलेली बाकी तिथे लिहितात. बाकी १० आली तर एक्स.

पण हिशोब जुळला म्हणून गाडी स्वच्छ ठरत नाही. चोरीच्या गाडीवर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गाडीचा खरा क्रमांक चढवतात, त्यात हिशोब चोख बसतो. म्हणून क्रमांक गाडीवर जाऊन वाचायचा, आणि एकाच जागी वाचून थांबायचे नाही. चारचाकीत तो बहुधा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात काचेतून दिसतो, दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो आणि सांगाड्यावर ठोकलेला असतो. दुचाकीत हँडलखालच्या मानेवर पाहा. सगळीकडे तोच हवा, कागदावरही तोच. बोट फिरवून बघा: आजूबाजूचा पत्रा घासलेला, नव्याने रंगवलेला किंवा पट्टीचे रिबिट बदललेले वाटले तर गाडी सोडून द्या. मग तो क्रमांक तुमच्या देशाच्या वाहन नोंदणी खात्याच्या अधिकृत पानावर टाका आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, चोरीची नोंद आहे का, हे पाहा. ते पान मात्र विक्रेत्याच्या लिंकवरून उघडू नका.

किलोमीटर कमी दाखवले आहेत अशी शंका आहे. कळेल का?

डिजिटल मीटर मागे फिरवता येत नाही हा समज चुकीचा आहे, ओबीडीच्या, म्हणजे गाडीतले दोष तपासायचे यंत्र लावतात त्या जोडणीतून ते मिनिटांत बदलतात. पण गाडी स्वतःची झीज लपवू शकत नाही. क्लचच्या पॅडलचे रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली बाजू, चालकाच्या आसनाची उतरती कड पाहा. टायरच्या कुशीवर डॉट या खुणेनंतर शेवटचे चार आकडे वाचा: ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. गाडी "जेमतेम चाललेली" म्हणतात आणि चारही टायर गाडीपेक्षा बऱ्याच वर्षांनी तरुण असतील, तर जुने कुठे झिजले ते विचारा. सीटबेल्टच्या पट्टीवर आणि काचांवरही निर्मितीचे वर्ष सापडते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली ते समजून घ्या.

लिंक खरी की खोटी हे कसे वाचायचे?

पत्ता डावीकडून वाचू नका, आपण तिथेच फसतो. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत या आणि तिथून मागे वाचत जा. समजा पत्ता आहे "अमुकगाडी डॉट कॉम डॉट पेमेंट-तपासणी डॉट शॉप". सुरुवातीला ओळखीचे नाव दिसते म्हणून जीव भांड्यात पडतो, पण हे पान "पेमेंट-तपासणी डॉट शॉप"च्या मालकाचे आहे. आधीचे सगळे त्याने सजावट म्हणून लावले आहे.

कधी अक्षरेच फसवी असतात. रशियन लिपीतला अ आणि इंग्रजी ए पडद्यावर सारखेच दिसतात. २०१७ मध्ये एका संशोधकाने अशा अक्षरांनी ॲपलच्या पत्त्यासारखा हुबेहूब पत्ता करून दाखवला होता आणि त्या वेळच्या काही ब्राउझरांत डोळ्यांना फरक कळतच नव्हता. म्हणून डोळ्यांवर फार भरवसा नको. बाजारपेठेचे किंवा बँकेचे पान स्वतः पत्ता टाकून किंवा आधीच जपून ठेवलेल्या खुणेवरून (बुकमार्कवरून) उघडा. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सगळ्यात वर येते ती बऱ्याचदा जाहिरात असते, आणि तिथेही नकली पाने पैसे भरून जागा घेतात.

एक जमेची बाजू सांगतो. पासवर्ड सांभाळणारे ॲप वापरत असाल तर ते खऱ्या पत्त्यावरच पासवर्ड भरते. एरवी आपोआप भरणारे ॲप एखाद्या पानावर गप्प बसले, तर हाताने पासवर्ड टाकायची घाई करू नका. त्याला दिसलेला फरक तुम्हाला दिसलेला नसतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन करण्याची सोय, त्याहून पक्की, ती दुसऱ्या पत्त्यावर चालतच नाही.

पानाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह आहे, म्हणजे सुरक्षित ना?

कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या पानाच्या मधले बोलणे तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर चोराशीच गुप्तपणे बोलणे चालले आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कुणालाही फुकट मिळते. गूगलने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत भाग घेतलेल्यांपैकी फक्त ११ टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला. शेवटी २०२३ मध्ये क्रोममधून ती खूण काढून तिथे साधे सेटिंगचे चिन्ह ठेवले गेले.

"तुम्ही खरे ग्राहक आहात हे बघायला सहा आकडी कोड पाठवलाय, तो सांगा" असे म्हणतात. सांगू का?

अजिबात नाही. तो कोड तुमचा खरेपणा तपासत नाही, तुमचे खाते उघडतो. समोरचा तुमच्या नंबरावर मेसेजिंग खाते किंवा ईमेल उघडू पाहतो आहे आणि शेवटची चावी तुमच्याकडून मागतो आहे. कोडच्या संदेशातच "कुणाला सांगू नका" असे लिहिलेले असते, ते पूर्ण वाचा.

पैसे परत घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला आहे.

हा चौकोनी कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने गाड्यांचे सुटे भाग कारखान्यात मोजता यावेत म्हणून बनवला. त्यात फक्त मजकूर साठवलेला असतो: एखादा पत्ता, एखादा खातेक्रमांक. तो मजकूर माणसाला वाचता येत नाही आणि फसवणाऱ्याला तेवढेच पुरते. समोरच्याचा कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. पैसे यायचे असतील तर तुम्हाला पिन टाकावा लागत नाही. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा फोन हातात देऊन दाखवा, नुसते सांगून लक्षात राहत नाही.

एस्क्रो, म्हणजे पैसे तिसऱ्याकडे ठेवण्याची सोय, वापरावी का?

कल्पना चांगली आहे: पैसे तिसऱ्याकडे, गाडी मिळाली की विक्रेत्याकडे. पण तो तिसरा कोण, हे विक्रेत्याने सुचवता कामा नये. नकली एस्क्रोची पाने खऱ्यांपेक्षा देखणी असतात. सेवा तुम्ही निवडा, ती तुमच्या देशात परवानाधारक आहे का हे नियामकाच्या पानावर पाहा. तुमची निवड विक्रेत्याने काहीतरी कारण काढून नाकारली तर उत्तर मिळाले असे समजा.

मीच गाडी विकतोय. गिऱ्हाईक म्हणतो, ठरावीक संकेतस्थळावरूनच गाडीचा इतिहास-अहवाल काढून द्या.

हा विकणाऱ्यासाठी लावलेला सापळा आहे. अहवालाची किंमत किरकोळ असते म्हणून माणूस कार्डाचे तपशील टाकून मोकळा होतो, आणि गिऱ्हाईक गायब. खऱ्या खरेदीदाराला अहवाल कुठून आला याचे सोयरसुतक नसते. विकणाऱ्यांसाठी दुसरा सापळा जादा पैशांचा: "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा." चेक किंवा पावतीचे चित्र खोटे निघते, तुम्ही परत केलेले पैसे मात्र खरे असतात. खात्यात पैसे आले की नाही हे बँकेच्या ॲपमध्ये बघा, संदेशात नको.

कागदपत्रे आणि फोटो बघायला एक ॲप टाकायला सांगतात.

टाकू नका. फोटो बघायला ॲप लागत नाही. संदेशातून आलेली ॲपची फाइल तुमचे एसएमएस वाचू शकते, आणि तुमच्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप तुमचा बँक व्यवहार त्यांच्यासमोर उघडा करते. टाकले गेले असेल तर आधी इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

विक्रेत्याने स्वतःचे ओळखपत्र पाठवले आणि माझेही मागतो. विश्वास ठेवू?

त्याने पाठवलेले ओळखपत्र बहुधा खरेच असते, पण ते त्याचे नसते. आधी फसलेल्या कुणाचे तरी ते असते. तुम्ही पाठवलेत की पुढच्या गिऱ्हाइकाला तुमचे दाखवले जाईल आणि तक्रारीत तुमचे नाव येईल. व्यवहार प्रत्यक्ष होईपर्यंत ओळखपत्राची प्रत देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर त्यावर कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवे लिहा.

व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली तर चालेल का?

प्रत्यक्ष जाण्याआधीची चाळणी म्हणून उत्तम. फक्त दिग्दर्शन तुमचे हवे. तुम्ही सांगाल त्या क्रमाने दाखवायला सांगा: आता चेसिस नंबर, आता थंड इंजिन सुरू करा, आता मागच्या डिकीखालचा पत्रा, आता कागदावर माझे नाव लिहून काचेवर धरा. आधी करून ठेवलेला व्हिडिओ यात टिकत नाही. हल्ली चेहरा आणि आवाजही नकली बनवता येतो, म्हणून कॉलवर दिसलेल्या माणसावरून मालकी ठरवू नका.

विसार न देता गाडी हातची जाते. मग काय करावे?

जाऊ द्या. हे लिहायला सोपे आणि करायला अवघड आहे, हे मामाकडे बघून मला कळते. पण न पाहिलेल्या गाडीसाठी विसार म्हणजे अनोळखी माणसाला दिलेली भेट. गाडी पाहिल्यावर, मालक आणि कागद जुळल्यावर, दोघांच्या सहीच्या पावतीवर विसार द्या. पावतीत गाडीचा क्रमांक, ठरलेला भाव आणि व्यवहार मोडला तर काय, हे लिहून घ्या. शक्य असेल तिथे कार्डाने द्या, कारण कार्डाच्या व्यवहाराला हरकत घेता येते. आपणहून केलेली खाते-हस्तांतरे आणि क्रिप्टोचलन परत आणणे फार कठीण असते. उरलेली रक्कम नावावर करण्याचे कागद सही होत असताना, शक्यतो बँकेत बसूनच द्या.

लिंकवर माहिती भरून बसलो. पैसे अजून गेलेले नाहीत.

वेळ आहे, पण थोडाच. ज्या खात्याचा पासवर्ड दिला तो दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर तिथेही बदला, ईमेल सगळ्यात आधी. सगळीकडून लॉगआउट करा. ईमेलच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणी पत्रे पुढे पाठवण्याचा नियम लावून ठेवला आहे का ते बघा, पासवर्ड बदलला तरी तो तसाच राहतो. कार्डाचे तपशील दिले असतील तर कार्ड बंद करा.

पैसे गेले. आता?

आधी बँक. कार्डामागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरावर फोन करा आणि "ही फसवणूक आहे, रक्कम पुढे जाण्याआधी थांबवा" असे स्पष्ट सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. लगेच अधिकृत तक्रार करा: भारतात १९३० या क्रमांकावर, अमेरिकेत एफबीआयच्या आयसी३ कक्षाकडे, इतरत्र त्या त्या देशाच्या पोलिसांकडे. तासांचा फरक पडतो, कारण पैसे पहिल्या खात्यातून भराभर पुढच्या खात्यांत सरकवले जातात. संताप येऊन गप्पांचा धागा पुसून टाकू नका. संदेश, नंबर, जाहिरातीचा पत्ता, व्यवहाराचा क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या.

थोड्या दिवसांनी कुणीतरी फोन करेल: "तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, फक्त शुल्क भरा." तो वकील असेल, अधिकारी असेल, हॅकर असेल. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हा माणूस त्या यादीवरूनच आलेला असतो. पैसे परत देण्यासाठी खरी यंत्रणा आधी शुल्क मागत नाही.

घरी कसे सांगू? लाज वाटते.

मामाने आठ दिवस मामीला सांगितले नव्हते. तो भला, हिशोबी माणूस आहे, दुकानात पावती दोनदा तपासणारा. ज्यांनी त्याला फसवले ते दिवसभर हेच काम करतात, तो आयुष्यात तिसऱ्यांदा गाडी घेत होता. हे त्याला तीन-चार जणांनी सांगावे लागले तेव्हा कुठे तो तक्रार द्यायला निघाला, आणि त्यात मोलाचे दिवस गेले. तुमच्या घरात कुणी असे सांगायला आले तर "एवढं कसं कळलं नाही" हे वाक्य गिळा आणि बँकेचा नंबर लावा.

खोटी जाहिरात अजून दिसतेय. तिचे काय करावे?

त्या बाजारपेठेच्या "तक्रार करा" बटणावरून कळवा. एकाने कळवून ती हटली नाही तर दोघा-तिघांनी कळवा. फोटो ज्याच्या गाडीचे आहेत तो खरा मालक सापडला तर त्यालाही सांगा, त्याला बहुतेकदा पत्ताच नसतो. मामाने त्या गृहस्थाला हेच सांगितले. त्याने त्याच संध्याकाळी आपली जाहिरात बदलली आणि पहिल्याच ओळीत लिहिले: "मध्यस्थ ठेवलेला नाही. भाव फक्त माझ्याशी, गाडीजवळ."